दोन थवे

माझ्याशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आई माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहायची. डावा डोळा माझा जन्मापासून बाहेर, कानाच्या दिशेला पळालेला. त्या बाजूने कोणी बोललं की मी त्याच्याकडे बघतेय की पलीकडच्या माडाकडे, हे त्याला कळायचं नाही आणि तो मध्येच अडखळायचा. आईने त्यावर हा उपाय काढला होता. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. चुलीजवळ बसताना, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन तोंडवलीपर्यंत चालताना, मी कायम तिच्या डाव्या हाताला. बाकीच्या बायका एवढा विचार करत नसत. शेजारची मथुराकाकी तर सरळ म्हणायची, "गो चकणे, माझ्याकडे बघतंस काय माझ्या कोंबड्याकडे?" मी म्हणायची, "कोंबड्याकडे. तो बरो दिसता." मग ती हसायची आणि मीही. मला त्या डोळ्याचं दुःख होतं असं कोणी समजू नये. आरशात बघायला आमच्या घरात वेळ नव्हता, आणि आरसाही हाताच्या तळव्याएवढाच होता.

त्या डोळ्याने मला दिसायचंही फारसं नाही. उजेड दिसायचा, माणूस आलं गेलं कळायचं, बस्स. सगळं बघणं उजव्या डोळ्याचं. आणि तो उजवा डोळा, मीच सांगते, फार चांगला होता.

आमचं घर किनाऱ्याच्या मागे, माडांच्या रांगेला लागून. पुढे शेणाने सारवलेलं खळं, एका बाजूला जाळी ठेवायचा मांगर. घरात दोनच वास: उकड्या तांदळाच्या पेजेचा आणि मासळीचा. सकाळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा, दुपारी बांगड्याचं तिखलं. त्यात आई तिरफळं ठेचून घालायची आणि आम्हाला बजावायची, तिरफळ चावायचं नाही. बाबा मात्र मुद्दाम चावायचे आणि जीभ बधिर झाली की बोबडं बोलून दाखवायचे. माझे बाबा मोठ्याने हसणारे माणूस नव्हते. तिरफळाच्या त्या एका खेळापुरते ते हसायचे. आजही तिखलं केलं की मी एक तिरफळ चावते. चव काही लागत नाही, जीभ मरते तेवढी.

बाबा गावच्या रापणीवर नजरेला बसायचे. ज्यांनी रापण बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. त्याचा एक दोर किनाऱ्यावर धरून ठेवतात, होडी जाळं टाकत अर्धगोल फिरते आणि दुसरा दोर घेऊन लांब दुसऱ्या बाजूला किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडून माणसं ओढत सुटतात, पुरुष, बायका, जो हाताला लागेल तो. पण जाळं टाकायचं कुठे, हे होडीतल्या माणसाला कळत नाही. पाण्यावरून पाणी दिसत नाही. त्यासाठी वर सड्याच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या उंच कातळी माळाच्या, टोकाला एक माणूस बसतो. तिथून बांगड्यांचा थवा दिसतो, पाण्याखाली तांबूस-काळा डाग सरकत असल्यासारखा. तो माणूस उभा राहून पंचा हलवतो. उजवीकडे हलवला तर होडी पुढे, डावीकडे हलवला तर मागे, आणि पंचा खाली आपटला की जाळं सोडायचं. त्या पंच्यावर सगळ्या रापणीची चूल पेटायची. म्हणून बघणाऱ्याला वाटा जास्त आणि मानही जास्त. बाबांना लोक वाटेत थांबून राम राम करायचे. आम्हाला दुसरं काही नव्हतं, शेत नाही, होडी नाही. बाबांची सड्यावरची जागा, एवढंच होतं.

मी लहानपणापासून त्यांच्याबरोबर सड्यावर जायची. चौथीनंतर शाळा सुटली, मग रोजच. कधीतरी, नेमकं कधी ते मलाही आठवत नाही, ते मला विचारायला लागले, "काय दिसता गो?" मला वाटलं, शिकवताहेत. मी सांगायची, "थयसर, खडपाच्या पुढे, काळा दिसता." खडप म्हणजे पाण्यातला मोठा खडक. ते म्हणायचे, "सरकता खंय?" मी सांगायची, "भायर." मग ते उठून पंचा हलवायचे. असं करत करत एक हंगाम गेला, दुसरा गेला, आणि मला कळलं की ते शिकवत नाहीत, विचारताहेत. त्यांच्या डोळ्यांना कडेने काही दिसत नव्हतं. समोरचं दिसायचं, तेही नळीतून बघितल्यासारखं, आणि ती नळी दर वर्षी बारीक होत होती. घरात ते दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. आई तेव्हा दुसरीकडे बघायची. आम्ही तिघांनी ह्या गोष्टीवर कधी एक शब्द काढला नाही. सड्यावर डोळा माझा, पंचा बाबांचा. खाली किनाऱ्यावर कोणाला शंका आली नाही, कारण जाळं भरून येत होतं.

मग माझ्या लग्नाचा विषय निघाला. पहिलं स्थळ आलं तेव्हा आईने सांगितलं, मान खाली ठेव. मी ठेवली. पण मुलाची आत्या चतुर होती. ती म्हणाली, "बाय, माका जरा पाणी हाड." पाणी देताना मी वर बघितलं आणि स्थळ गेलं. दुसरंही तसंच गेलं. त्याच सुमाराला मालवणात डोळ्यांची तपासणी भरली होती, तिथे आई मला घेऊन गेली. त्यांनी चष्मा दिला आणि सांगितलं की घाटावरच्या मोठ्या दवाखान्यात असा डोळा सरळ करतात. त्या दिवसापासून आईने दुसरं काही बोलणंच सोडलं.

बाबांनी एकच अट घातली. पावसात करायचं. पावसात रापण बंद असते, होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी चालते. त्यांचा हिशेब सरळ होता: होडी दुरुस्त करायची ती पावसात, म्हणजे नारळी पौर्णिमेला नवी होऊन पाण्यात. माझा डोळाही तसाच. आमच्याकडे सगळीच दुरुस्ती त्या काळात होते, त्यामुळे हे कोणाला वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

वैभववाडीला एसटी बदलून, भिजत, घाट चढून आम्ही तिघं गेलो. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी समजावून सांगितलं की डोळ्याचा गोळा स्नायूंनी धरलेला असतो, आणि माझ्या डाव्या डोळ्याचा बाहेरचा स्नायू जास्त ओढतो. ते बाहेरचा सैल करणार, आतला आवळणार. बाबा पुढे सरकून ऐकत होते.

"म्हणजे रापणीचे दोन दोर," ते म्हणाले. "एका बाजूचे लोक जोरात ओढूक लागले की जाळा तिरक्या येता."

डॉक्टर हसले. "अगदी तसंच. पण एक लक्षात ठेवा बाबा. डोळा सरळ होईल, त्याची नजर वाढणार नाही. लहानपणी तो डोळा वापरलाच गेला नाही, मेंदूने त्याला बाजूला टाकलंय. आता ह्या वयात ते परत येत नाही."

"दोर सारखे झाले तरी?"

"तरीही."

बाबा "बरा" म्हणाले. पण मी त्यांना ओळखत होते. दोर सारखे ओढले की जाळ्यात मासळी येते, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. डॉक्टर सांगतात म्हणून ते खोटं कसं होईल? मला वाटतं, लग्नाचं कारण आईचं होतं. बाबांना सड्यावर माझे दोन डोळे हवे होते.

खोलीतून निघताना तिथली नर्स बाबांना म्हणाली, "आजोबा, आलाच आहात तर तुमचेही डोळे दाखवा." बाबा तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. ते म्हणाले, "माका काय झाला? माका दिसता." आणि बाहेर जाताना बाकड्याला अडखळले. आईने त्यांचा हात धरला, जणू तिलाच आधार हवा होता. पुढे बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरने सांगितलं की तो काचबिंदू होता, वेळेत औषध घातलं असतं तर होती तेवढी नजर टिकली असती. डॉक्टर नेहमी असं नंतरच सांगतात. त्या दिवशी दाखवले असते तर गावात बातमी गेली असती, आणि सड्यावरची जागा गेली असती. बाबांना तेवढं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. भूल उतरली तेव्हा डोळ्यावर पट्टी होती आणि आत रेती गेल्यासारखं टोचत होतं. ते टाके. पट्टी काढली तेव्हा डोळा चिरलेल्या कोकमासारखा लाल होता, पण जागेवर होता. आईने आरसा मागून आणला. मी बघितलं आणि मला कोणी परकी बाई बघतेय असं वाटलं. आई रडली. बाबांनी माझ्या पापणीवर हलकाच अंगठा ठेवला, एकीवर, मग दुसरीवर, जसं जाळ्याची गाठ घट्ट बसली का बघतात तसं. "डोळो सरळ झालो?" त्यांनी आईला विचारलं. "झालो," आई म्हणाली. ज्या डोळ्यासाठी सगळा खटाटोप केला तो सरळ झाला का, हे त्यांना दिसत नव्हतं; त्यांच्या नळीत एका वेळी एकच डोळा मावत होता.

घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. जुना चष्मा लावू नका; स्नायू जागचे हलले की बुबुळावरचा ताण बदलतो, नंबरातला तिरपेपणा बदलतो, तो स्थिर व्हायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा परत या, नवा नंबर काढू. आणि दुसरं, काही दिवस एकाचे दोन दिसतील. घाबरू नका. इतकी वर्षं मेंदू त्या डोळ्याचं ऐकत नव्हता. आता तो डोळा नव्या जागेवरून बोलायला लागलाय. हळूहळू जाईल. पण डोळा झाकायचा नाही, दोन्ही उघडे ठेवायचे.

आम्ही घरी आलो. आईने ऐकलं सगळं, पण चष्मा एवढा खटपटीने मिळालेला, तो पेटीत ठेवून द्यायचा हे तिला पटेना. तिने मला लावायला लावला. लावला तर चिमणीचा दिवा कलंडलेला, दाराची चौकट वाकलेली, बाबा एका अंगाला कललेले. "आये, घर पडता," मी म्हटलं. मथुराकाकी खळ्यात बसली होती. ती म्हणाली, "घर आधीच वाकडा आसा, तुका आता बरा दिसूक लागला." आईने चष्मा काढून घेतला.

दोन दोन दिसणं मात्र राहिलं. दोन तांबे, दोन मांजरं, दोन आया. सुरुवातीला पायरी चुकायची. मग मला युक्ती सापडली. त्या दोनांतलं एक ठळक असायचं, एक फिकट, पाण्यात पडलेल्या सावलीसारखं. फिकट ते डाव्या डोळ्याचं, म्हणजे खोटं. ते सोडून द्यायचं. तांबा असो, माड असो, होडी असो, मला लगेच कळायला लागलं. मी घरात सांगितलं, आता मला चालतं. बाबांनाही सांगितलं. तोवर नारळी पौर्णिमा झाली, समुद्र शांत झाला, रापण पाण्यात गेली. घाटावर परत जायचा विषय कोणी काढला नाही. हंगाम सोडून कोण जातो?

पहिले काही दिवस थवा आलाच नाही. नंतर एक सकाळ अशी आली की पाणी तेलासारखं पडलेलं होतं. खाली होडी तयार, दोराजवळ बायका पदर खोचून बसलेल्या, आई त्यांत होती. बाबा माझ्या शेजारी पंचा हातात घेऊन.

"काय दिसता गो?"

मी बघितलं. खडपाच्या पुढे तांबूस-काळा डाग होता. आणि त्याच्या दक्षिणेला, थोडं अंतर सोडून, दुसरा.

"दोन आसत, बाबा."

"दोन?" त्यांचा आवाज बदलला. "बघ नीट."

मी नीट बघितलं. होडीची खोटी सावली मला ओळखता येत होती, कारण होडीला कडा असते, खरी होडी ठळक असते. थव्याला कडा नसते. तो मुळातच फिकट, मुळातच पसरलेला. दोघांत ठळक कोण आणि पुसट कोण हे ठरवायला काहीच नव्हतं. मला दोन दिसत होते, मी दोन म्हटलं. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे हे डॉक्टरांनी सांगितलेलं मी पाळत होते. एक झाकून बघायला हवं होतं हे आज कोणीही सांगेल.

दोन थवे एकत्र येतात कधी कधी. ज्येष्ठ माणसं ती गोष्ट सांगतात, एकाच ओढीत दोन्ही घेतले आणि किनारा भरला. बाबांनी ते त्यांच्या बापाकडून ऐकलं होतं, स्वतः बघितलं नव्हतं. ते उभे राहिले आणि पंचा लांबवर, दक्षिणेला हलवत राहिले. होडी गेली, आणखी गेली. रोजच्यापेक्षा दुप्पट मोठा फेरा घ्यायला निघाली ती. मी बघत होते. दोन्ही डाग एकदमच सरकले, एकाच वेळी, एकाच बाजूला. तेव्हा कळलं, एकाचेच दोन दिसताहेत; पण तोवर पंचा खाली आपटला होता.

एवढा मोठा फेरा बंद व्हायला वेळ लागतो. थवा तोवर उत्तरेच्या उघड्या बाजूने निघून गेला. सगळ्यांनी ओढलं, आईने ओढलं, दुपारपर्यंत ओढलं. जाळ्याच्या मधली खोळ किनाऱ्यावर आली तेव्हा तिच्यात शेवाळ, काही खेकडे आणि टोपलीच्या तळाला लागतील एवढे बारीक तारले मासे. कोणी ओरडलं नाही. मथुराकाकी तेवढी म्हणाली, "आज मांजराक उपास," आणि तीही हसली नाही.

रापणीचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, भिकूमामा सड्यावर चढून आला. आईचा लांबचा भाऊ, धिप्पाड, पण सावकाश बोलणारा. तो बाबांच्या शेजारी बसला, विडी पेटवली, त्यांनाही एक दिली.

"दोन होते?" त्याने विचारलं.

"दोन होते," बाबा म्हणाले.

"होडीक घासान पळालो तो एकच होतो."

भिकूमामाने समुद्राकडे हात केला. "ती होडी कोणाची रे, शीड लावलेली? आपल्या हद्दीत येता ती?"

समुद्रावर एकही होडी नव्हती. मी तोंड उघडलं तोच बाबांचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट बसला. ते समोर बघत म्हणाले, "देवबागवाल्यांची असतली. येवंदे. जातली परत."

भिकूमामाने विडी दगडावर विझवली. मग माझ्याकडे वळला.

"इतके दिस तू बघी होतंस?"

"होय," मी म्हटलं.

"आणि आज दोन दिसले."

"होय. ऑपरेशन झाल्यापासून दोन दिसतत. जातला म्हणान सांगितल्यानी."

त्याने मान हलवली. माझ्यावर तो रागावला नाही, बाबांवरही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तो बाबांना म्हणाला, "दाजी, उद्यापासून उन्हात येव नको. खाली सावलीत बस. दोर वळूक माणूस होयोच आसा." तेवढंच. खाली जाऊन त्याने कोणाला काय सांगितलं मला माहीत नाही. पण संध्याकाळी बाबा वाटेने गेले तेव्हा लोकांनी राम राम केला तो मोठ्या आवाजात, आंधळ्याला करतात तसा. बाबांना ते कळलं. घरी येऊन त्यांनी पंचा धुवायला टाकला नाही, घडी करून पेटीत ठेवला, माझ्या चष्म्याजवळ.

दोर वळायला ते गेले नाहीत. खळ्यात बसायचे. आईने मासळीच्या दोन फेऱ्या करायला सुरुवात केली, सकाळी एक, दुपारी एक. तिखल्यात तिरफळं यायची, पण ती कोणी चावली नाहीत.

दिवाळीच्या पुढे कधीतरी मला एक दिसायला लागलं. कधी ते सांगता येणार नाही. एका सकाळी तांबा उचलला आणि तो एकच होता. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. मेंदूने त्या डोळ्याला पुन्हा गप्प केलं होतं. मी भिकूमामाला जाऊन सांगितलं, आता बरोबर दिसतं. तो म्हणाला, "बरा झाला, बाय." सड्यावर तोपर्यंत त्याचा पुतण्या बसायला लागला होता. आणि माझं लग्न ठरलं होतं. सरळ डोळ्याची मुलगी, स्थळ पहिल्याच भेटीत होकार देऊन गेलं.

आता तो डोळा परत बाहेर गेलाय. वय झालं की असं पुष्कळांचं होतं म्हणे. माझ्या बाबतीत नातवंडांची लग्नं होईपर्यंत थांबला. मुलगा म्हणतो, आई, पुन्हा करून घे, आता एका दिवसात घरी सोडतात. मी सांगते, कोणाला दाखवायचाय? माझी सून बोलायचं असलं की उजव्या बाजूला येऊन उभी राहते. तिला कोणी शिकवलं नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा हंगाम संपत आला होता. बाबा म्हणाले, "सड्यार जावया." मी त्यांना हात धरून वर नेलं. तोवर नळी पूर्ण बंद झाली होती. रापण त्या दिवशी पाण्यात नव्हती, किनारा रिकामा होता. आम्ही आमच्या जागेवर बसलो. पाणी तेलासारखं होतं आणि खडपाच्या पुढे, अगदी जवळ, मोठा थवा होता. मी एक डोळा झाकून बघितला, मग दोन्ही उघडून.

"काय दिसता गो?"

"बांगडो आसा. खडपाच्या पुढे."

"किती?"

"एक."

"एकच?"

"एकच."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला. मला वाटलं, आता उठतील. त्यांनी तोंड पुसलं, पंचा परत खांद्यावर टाकला आणि थवा निघून जाईपर्यंत बसून राहिले. कधी गेला ते मी त्यांना सांगितलं, मग आम्ही खाली आलो.